नाकातल्या शेंगदाण्याची पत्रिका

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ असतील, त्याची आधीच माफी मागते. अक्षरही चांगलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि पुढे हा हात लिहिण्यापेक्षा कागद दुमडण्यात आणि पाकिटात घालण्यातच गेला. त्यामुळे माझ्या ओळी उजवीकडे जाता जाता खाली उतरतात. खरं तर हे कुणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही, त्यामुळे माफी मागायचं कारण नाही. पण सवय आहे. कुणाच्या दारात गेले तरी माझ्या तोंडातून पहिल्यांदा "चुकलं का काही?" एवढंच येतं.

ज्या कागदांच्या पाठीवर लिहिते आहे ते आमच्या दुकानात वाया गेलेले कागद आहेत. पलीकडच्या बाजूला इंग्रजीत परदेशातल्या डॉक्टरांची नावं छापली आहेत आणि सगळ्यांच्या वर मधोमध 'श्री' आहे. हे असं कसं झालं तेच लिहायचं आहे.

आमचं दुकान कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. लग्नाच्या, वास्तुशांतीच्या, बारशाच्या पत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं असली कामं आम्ही करतो. मालक, म्हणजे माझे मिस्टर, कॉम्प्युटरवर बसतात. गिऱ्हाइकाने हाताने लिहून आणलेली नावांची यादी मी त्यांना वाचून दाखवते आणि छापून झालं की पत्रिका दुमडते. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, दाराजवळ स्टुलावर बसतात. दुकानातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यातल्या वरच्या कागदाच्या चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं काम त्यांचं. ते करता करता रस्त्याने कोण कुठे निघालं आहे त्याची चौकशीही त्या करतात.

मालकांचा एक नेम आहे. आमच्या हातून पत्रिकेत चूक झाली तर ते पैसे घेत नाहीत, आणि आधी घेतले असले तर परत देतात. एकदा एका पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या एका चुलत्याचं नाव राहिलं. तो चुलता लग्नाला गेला नाही, आणि आलेले अर्धे लोक तो का आला नाही हेच बोलत जेवले. मालकांनी पैसे परत दिले आणि त्या घरी जाऊन चुलत्याच्या पायाही पडून आले. ह्यामुळेच पेठेत आपलं नाव आहे, असं मालक म्हणतात. ह्यामुळेच आपल्याकडं पैसा न्हाई, असं आत्ती म्हणतात.

एकदा दुपारी मालक शिरोलीला एमआयडीसीत एका फौंड्रीची बिलबुकं पोचवायला गेले होते. दुकानात मी आणि आत्ती दोघीच. तेवढ्यात एक डॉक्टरबाई आल्या. त्या नाक-कान-घशाच्या डॉक्टर. सकाळी मोठ्या दवाखान्यात मुलांना डॉक्टरकी शिकवतात आणि संध्याकाळी स्वतःचा दवाखाना चालवतात. त्यांच्या पुतण्याची लग्नपत्रिका आमच्याकडे झाली होती, म्हणून ओळख.

त्या म्हणाल्या, एवढ्या मोठ्या खानदानाची पत्रिका, एवढी नावं, एवढ्या पदव्या, कुणाच्या मागे कै., कुणाच्या मागे चि., आणि एक टिंबसुद्धा चुकलं नाही. म्हणून माझं काम तुम्हीच करायचं. काम असं होतं की, त्यांनी डॉक्टरांच्या एका मासिकासाठी इंग्रजीत लेख लिहिला होता. लेखाच्या शेवटी आधी ह्या विषयावर कुणी कुणी काय लिहिलं आहे त्याची यादी द्यायची असते, तिला रेफरन्स म्हणतात. ती यादी मासिकाच्या नियमाप्रमाणे लावून हवी होती. नियमात एक स्वल्पविराम चुकला तरी मासिकवाले लेख परत पाठवतात. आणि लेख छापून आल्याशिवाय बाईंना प्राध्यापक करत नव्हते.

"नावांचंच काम आहे, वहिनी," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी काय अवघड."

मालक बाहेर गेलेत, आल्यावर विचारून सांगते, असं मला म्हणायचं होतं. पूर्ण वाक्य गळ्यापर्यंत आलं होतं. पण अनोळखी माणसासमोर माझं तोंड उघडत नाही, फक्त मान हलते. आणि माझी मान हलली की होकारार्थीच हलते. बाईंनी टेबलावर कागदांचं एक फुगलेलं पाकीट ठेवलं, त्यावर आगाऊ पैसे ठेवले आणि त्या गेल्या.

पैसे चांगले घसघशीत होते. मी अजून ते उचललेही नव्हते तोवर आमचा कागदवाला जुन्या उधारीसाठी आला. त्याने नोटांकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. आत्ती म्हणाल्या, "घे बाबा. उद्या परत येशील, चहा पाजाय लागंल." तो घेऊन गेला. डॉक्टरबाईंचे पैसे आमच्या टेबलावर एक कप चहा निवावा एवढाच वेळ राहिले.

मालक आले, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पाकीट उघडून पाहिलं आणि बराच वेळ डोकं खाजवलं. काम झालं नाही तर पैसे परत द्यायचे हा त्यांचा नेम, आणि परत द्यायला पैसे नव्हते. म्हणजे काम होणं भाग होतं. त्या दिवसापासून माझ्या मनात ते एकच होतं.

"नावंच हायती की," मालक शेवटी म्हणाले.

मालकांना इंग्रजी टायपिंग येतं. समोर जे लिहिलं आहे ते अक्षराला अक्षर लावून उतरवतात, अर्थाच्या भानगडीत पडत नाहीत. मला मोठी अक्षरं ओळखता येतात, कारण पत्रिकेत बी.ई. आणि एम.बी.बी.एस. सारखं येतं. पण बाईंनी मासिकाच्या नियमांच्या कागदावर बाजूला मराठीत लिहून ठेवलं होतं, ते आम्ही वाचलं. आडनाव आधी घ्यायचं. मग नावाचं पहिलं अक्षर, त्यापुढे टिंब नाही. मासिकाचं नाव तोडून लिहायचं. सालानंतर अर्धविराम, मग अंक, मग पानं, आणि मध्ये जागा सोडायची नाही.

मालक म्हणाले की, ह्या वरपक्षाच्या अटी आहेत. पटलं मला. मासिक म्हणजे मुलाकडचे आणि डॉक्टरबाई म्हणजे मुलीकडच्या. मुलाकडच्यांना फेटे गुलाबी हवे असतील तर गुलाबीच द्यायचे, का ते विचारायचं नाही.

लेख कशावर आहे असं आत्तींनी विचारलं. पाकिटात बाईंनी मराठीतही थोडं लिहिलेलं होतं, त्यावरून मी सांगितलं की, लहान मुलं नाकात काय काय घालतात त्यावर आहे.

"त्याला पुस्तकं कशाला बघाय लागत्यात?" आत्ती म्हणाल्या. "शेंगदाणा घालत्यात. ह्यानंबी घातलता." आणि त्यांनी मालकांकडे बोट केलं.

मालक कॉम्प्युटरकडे बघतच म्हणाले की, तो शेंगदाणा नव्हता, चिंचोका होता.

एकेका रेफरन्सची एकेक चिठ्ठी होती. औषध कंपन्या डॉक्टरांना फुकट वह्या वाटतात, त्यांच्या पानांवर बाईंनी मोठ्या अक्षरांत नावं लिहिली होती. प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा होता, तोही खोडून पुन्हा लिहिलेला. मला वाटलं, बाईंनी कच्चे आकडे टाकले आहेत, पक्के आपण टाकायचे. मी सगळ्या चिठ्ठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत फरशीवर मांडल्या आणि पंख्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एकेक सुपारी ठेवली. पत्रिकेबरोबर वाटायला लोक सुपारी आमच्याकडूनच नेतात, त्यामुळे सुपारी भरपूर होती.

मांडल्यावर माझ्या लक्षात आलं की, एकाच आडनावाची माणसं तीन ठिकाणी लांब लांब पडली आहेत. पत्रिकेत असं कधी करत नाहीत. एका घरातली माणसं लांब लांब छापली की गावाला कळतं, भावकीत फूट आहे. मी त्या तिघांना जवळ आणलं. मग दोन आडनावं दोन चिठ्ठ्यांत बरोबर दिसली, ते व्याही असावेत असं धरून त्यांनाही शेजारी बसवलं. सगळं लावून झालं तेव्हा फरशी फार नीटनेटकी दिसायला लागली. मालकांनी येऊन पाहिलं. ते सहसा माझं कौतुक करत नाहीत, पण त्या दिवशी म्हणाले, "बरं केलंस. भावकी एका जागी पाहिजे." मग त्यांनी त्या क्रमाने नवे आकडे टाकले.

दुसऱ्या दिवशी मी नावं एकेक अक्षर वाचून दाखवत होते. एका चिठ्ठीवर फार जुनं साल आलं. आत्तींनी स्टुलावरून विचारलं की, एवढ्या जुन्या माणसाच्या मागे कै. लावलं का? मालक थांबले. मेलेल्या माणसाचं नाव कै. शिवाय छापलं तर घरच्यांना लागतं. जिवंत माणसाला कै. लावलं तर त्याहून वाईट. बाईंना फोन लावला, पण त्या ऑपरेशनमध्ये होत्या. शेवटी असं ठरलं की, आत्तींच्या लग्नाच्या आधी ज्यांनी लिहिलं ते आता नसणार. आत्तींना लग्नाचं साल आठवत नव्हतं, त्या वर्षी गुळाचा भाव पडला होता एवढं आठवत होतं. त्यावरून मालकांनी अंदाजाने एक साल धरलं आणि त्याच्या अलीकडचे सगळे जिवंत, पलीकडचे सगळे 'लेट' असं टाइप केलं. इंग्रजी पत्रिकेत कै. ला लेटच म्हणतात.

ह्यात बायका कुठल्या, असंही आत्तींनी विचारलं. नावाचं एकच अक्षर असल्यामुळे ते काही कळेना. कुणालाच सौ. लावता आलं नाही, ह्याची आत्तींना हळहळ वाटली.

सगळ्यात मोठा घोळ सहा नावांचा झाला. एका लेखाला पुष्कळ लोक असले तर पहिली सहा नावं द्यायची आणि पुढे 'आणि इतर' लिहायचं, असा नियम होता. मालकांनी तो वाचला आणि माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. त्यांना तो चुलता आठवला असणार. म्हणाले, "सातव्याला काय वाटंल?" त्यांनी सगळ्यांची सगळी नावं घातली. एका चिठ्ठीवर मात्र बाईंनीच एक नाव लिहून पुढे 'इतर' केलं होतं. ते इतर कोण ते कळायला मार्ग नव्हता. तिथे मालकांनी त्या एका नावापुढे 'अँड फॅमिली' असं टाइप केलं.

वर 'श्री' कुणी मुद्दाम घातला नाही. तो आमच्या कॉम्प्युटरमध्ये नवीन पान काढलं की येतोच. पान छापून झालं, आत्तींनी चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, मालकांनी गठ्ठा दोऱ्याने बांधला.

डॉक्टरबाई संध्याकाळी आल्या, त्यांनी दोरा सोडला आणि उभ्या उभ्या वाचायला लागल्या. पुतण्याची पत्रिका वाचताना त्या हसतमुख होत्या. आता त्यांचा चेहरा कसलाच नव्हता. मी पाकिटं मोजायला लागले. ती आधीच मोजलेली होती.

"भाऊ, हे लेट कशासाठी?"

"वारलं असतील, मॅडम."

"कुणी सांगितलं?"

मालकांनी आत्तींकडे पाहिलं. आत्ती म्हणाल्या, "साल बघा की, बाई. एवढं कोण जगतंय?"

"ह्यांचं भाषण मी मागच्या वर्षी ऐकलंय," बाई म्हणाल्या. "समोर बसून."

आत्तींनी दोन्ही हात कानाला लावले. मग म्हणाल्या, "मग बरंच झालं की. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतंय. त्येला सांगा, कोल्हापुरातनं वाढवून दिलंया."

बाईंनी पान उलटलं. 'अँड फॅमिली' पाहिलं. मग लेख काढला आणि लेखातले आकडे यादीशी लावून बघायला लागल्या. त्यांनी बोट ठेवून दाखवलं तेव्हा मला कळलं की, कोपऱ्यातले ते पेन्सिलीचे आकडे कच्चे नव्हते. लेखातल्या प्रत्येक म्हणण्यापुढे आकडा असतो आणि तो आकडा सांगतो की, हे म्हणणं यादीतल्या कितव्या माणसाचं. मी भावकी जुळवल्यामुळे सगळ्यांची म्हणणी बदलली होती. बहुतेक मुलं नाकात शेंगदाणाच घालतात असं लेखात होतं, त्याला साक्षीदार आता जळूवर लिहिणारा झाला होता. आणि नाकातून जळू कशी काढावी हे ज्याला विचारायचं, त्याचा सगळा अभ्यास शर्टाच्या बटणांवर होता.

बाईंना आधी हसू आलं. आत्तींनी स्टूल दिलं, त्यावर बसून त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग हसायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वहिनी, मुलाखत जवळ आलीय. ह्याच्यावर आहे माझं सगळं." मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. आमचंही सगळं त्याच्यावरच होतं, पण ते मला सांगता आलं नाही.

मालकांनी सगळं पुन्हा केलं. लेट काढले, श्री काढला, माझी भावकी मोडली. सातव्या नावावर आले की डिलीटचं बटण दाबायच्या आधी ते हळू आवाजात "माफ करा, पावणं" म्हणायचे. इतकी माफी मागताना मी त्यांना लग्नाच्या इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. ह्या वेळी बाईंनी तपासलं आणि बरोबर आहे म्हणाल्या. लेख गेला. काम झालं, आता पैसे आपले, असं वाटून मी त्या रात्री नीट झोपले.

थोड्या दिवसांत मासिकाने लेख परत पाठवला. विषय आमच्या वाचकांना उपयोगाचा नाही, असं कळवलं होतं. आत्तींना ते फार लागलं. त्यांच्या वाचकांना नाकं न्हाईत व्हय, म्हणाल्या.

बाईंनी दुसरं मासिक बघितलं. ह्या मुलाकडच्यांच्या अटी वेगळ्याच. साल नावाच्या लगेच पुढे, तेही कंसात. आकडे अजिबात नकोत. सगळी आडनावं ए-बी-सी-डीच्या क्रमाने. एका आडनावाची माणसं त्यामुळे आपोआप शेजारी आली, तेव्हा मालकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी पदर सारखा केला. मासिकांची नावं मात्र तोडायची नाहीत, पूर्ण लिहायची. आधी तोडलेली नावं आता जोडायची होती, आणि ती कशाची तोडली होती हे मालकांना कुठलं आठवायला. ते रोज बाईंना फोन करून विचारायचे. बाई पेशंटच्या कानात बघता बघता उत्तर द्यायच्या.

हे चाललं असताना लग्नसराई सुरू झाली. एका बाजूला पत्रिका आणि एका बाजूला नाकं. एका लग्नाच्या पत्रिकेत वधूच्या मामांची आडनावं आधी आणि नावाचं एकच अक्षर असं छापून गेलं. ते पैसे मालकांनी परत दिले.

दुसऱ्याही मासिकाने लेख घेतला नाही. बाईंनी तिसरं काढलं, त्यात पुन्हा आकडे. शिवाय बाईंनी लेखातला मधला एक परिच्छेद उचलून वर नेला, त्यामुळे सगळे आकडे पुन्हा बदलले. मालक जेवताना ताटात भाताच्या शितांनी आकडे मांडायला लागले. मी आणि आत्तींनी एकमेकींकडे पाहिलं.

मग एक दिवस बाई दुकानात आल्या, त्या लॅपटॉप घेऊन. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या एका मुलीने त्यात एक सोय करून दिली होती. बाईंनी आम्हाला दाखवलं. एक बटण दाबलं की सगळी यादी आकड्यांप्रमाणे लागायची. दुसरं दाबलं की ए-बी-सी-डीप्रमाणे. परिच्छेद खाली-वर केला की आकडे आपले आपण बदलायचे. ही सोय असते हे बाईंनाच माहीत नव्हतं, सगळा जन्म त्यांनी चिठ्ठ्यांवर काढला होता.

मालकांनी ते बटण स्वतः दोन-तीन वेळा दाबून बघितलं. सातवा माणूस आपोआप गळाला, माफीबिफी काही नाही. मग विचारलं, "ह्यात पत्रिका हुती का?"

"नाही, भाऊ," बाई म्हणाल्या.

मालकांनी सुटकेचा श्वास सोडला. पण लगेच म्हणाले, "मॅडम, काम आमचं उपयोगी पडलं न्हाई. पैसे परत द्यायचे आमच्याकडं."

बाई नको म्हणाल्या, तुम्ही एवढे कष्ट घेतले म्हणाल्या. मालक ऐकेनात. बाई गेल्यावर आत्तींनी त्यांना विचारलं की, आता कुठून देणार? थोडे थोडे देऊ, मालक म्हणाले. आणि पहिले थोडे पाकिटात घालून त्यांनी मलाच दवाखान्यात पाठवलं, कारण त्यांना स्वतःला लाज वाटत होती. मला वाटत नव्हती असं नाही, पण मला विचारलं नव्हतं.

मी संध्याकाळी दवाखान्यात गेले. बाहेर बसलेल्या माणसाला मी पैसे द्यायला आले आहे हे सांगायचं होतं. त्याने नाव विचारलं, वय विचारलं, ते सांगितलं. पुढचं बोलायच्या आत त्याने बसा म्हटलं. मी बसले. माझा नंबर आल्यावर आत गेले. बाई खाली मान घालून लिहीत होत्या, म्हणाल्या, बसा, काय होतंय. काही होत नव्हतं. पण ते सांगायला बोलावं लागलं असतं. मी पाकीट असलेला हात वर केला, तो कानाच्या बाजूला गेला. बाईंनी कपाळावरचा दिवा लावला आणि माझं डोकं हातात धरून कानात बघितलं.

"वहिनी, तुम्ही होय," त्या कानात बघतच म्हणाल्या. "किती मळ आहे हा. ऐकू कसं येत होतं तुम्हाला?"

दोन्ही कान साफ केले. थेंब लिहून दिले. बाहेर त्या माणसाने फी मागितली, तेव्हा माझ्याकडे पाकिटातलेच पैसे होते.

घरी आल्यावर मालकांनी विचारलं, दिले का? मी दिले म्हणाले. खोटं नव्हतं. पण चूल पेटवताना रडू आलं, तेव्हा आत्तींनी सगळं काढून घेतलं. त्यांनी मालकांना सांगितलं, आणि मालक आधी चिडले आणि मग भिंतीकडे तोंड करून हसायला लागले. एक मात्र झालं. कान मोकळे झाल्यामुळे मला सगळं लख्ख ऐकू यायला लागलं. आत्ती शेजारणीपाशी माझ्याबद्दल काय बोलतात तेही कळायला लागलं. बरंच बोलतात.

पुढच्या वेळी मालक स्वतः गेले. बाईंनी पैसे घेतले नाहीत. आणखी एकदा गेले, तेव्हा बाईंनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मालकांना नीट झोप लागेना. दुसऱ्याचे पैसे घरात आहेत, म्हणायचे, आणि घरात तर काहीच नव्हतं.

शेवटी तिसऱ्या मासिकाने लेख घेतला. बाईंनी पेढे आणले आणि मासिकवाल्यांनी काय कळवलं ते सांगितलं. लेख छान आहे, रेफरन्स कसेही लावून पाठवलेत तरी चालतात, आम्ही आमच्या पद्धतीने लावूनच घेतो. मालकांच्या हातातला पेढा तसाच राहिला.

बाई प्राध्यापक झाल्या. मग त्यांच्या सासरच्यांनी ठरवलं की, सुनेचा सत्कार गावाकडे करायचा, कागलजवळ त्यांचं गाव आहे. जेवण, मांडव, सगळं. आणि पत्रिका अर्थातच आमच्याकडे. बाई स्वतः यादी घेऊन आल्या. सासऱ्यांनी वहीची पानं भरून नावं दिली होती. निमंत्रकांत भाऊ, चुलते, चुलतचुलते, त्यांची मुलं, दूध संस्थेचे लोक. मी वाचायला लागले आणि वाचतच राहिले. मालकांनी टाइप केलं तेव्हा पत्रिकेत पत्रिकेचा मजकूर घालायला जागा उरली नाही.

मालकांनी खुर्ची बाईंकडे फिरवली. त्यांचा चेहरा अगदी सरळ होता. म्हणाले, "मॅडम, पैली सहा नावं घालू आणि म्होरं 'आणि इतर' करू?"

बाईंचा चेहरा उतरला. "नको, भाऊ," त्या म्हणाल्या. "मला त्या घरात राहायचंय."

मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि आमच्याबरोबर बसल्या. धाकट्या चुलत्यांना थोरल्यांच्या खाली घेतलं. एका आडनावाची माणसं एका जागी आणली, तेव्हा मला विचारलं, "वहिनी, हे शेजारी चालतील ना? ह्यांचं शेताच्या बांधावरून वाकडं आहे." मी म्हणाले, मध्ये एक मामा घाला. हे मी तोंडाने म्हणाले, मान हलवून नाही. एका लांबच्या काकांच्या नावाशी त्या अडल्या. मागे कै. लावायचं की नाही, त्यांना आठवेना. आत्तींनी सालाचा उपाय सुचवला. बाईंनी तो ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गावाकडे सासऱ्यांना फोन लावला. त्या हळू बोलत होत्या, पण आता मला ऐकू येत होतं.

"मामंजी, ते धाकले काका... म्हणजे, ते आहेत ना अजून?"

काका होते. सासऱ्यांच्या शेजारीच बसले होते. आयुष्य वाढलं, आत्ती म्हणाल्या.

पत्रिका मोठ्या आकाराची करावी लागली, दोन घड्यांची. जाड कागद, सोनेरी अक्षरं, एकही नाव गाळलेलं नाही. आत्तींनी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. बाई पैसे द्यायला पर्स उघडायला लागल्या तेव्हा मालकांनी हात आडवा केला. त्यांनी बिल लिहिलं, खाली आगाऊ जमा म्हणून बाईंचे ते सगळे पैसे लिहिले, आणि दोन्ही आकड्यांत जो थोडा फरक राहिला तो पत्र्याच्या डब्यातून काढून बाईंच्या हातावर ठेवला. ह्या वेळी बाईंनी ते घेतले, मुकाट्याने पर्समध्ये टाकले. मालकांनी बिलावर 'पूर्ण फिटले' असं लिहून खाली सही केली.